जार कुणी भरला?

“काका, वाय दाबू का?”

आमच्या वाचनालयात संगणकांकडे बघणारा अकरावीतला मुलगा विचारत होता. काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांच्या ओळी उभ्या होत्या आणि तळाशी एकच प्रश्न: पुढे जायचं का, वाय की एन?

“काय लिहिलंय ते वाच आधी.”

“खूप लिहिलंय, काका.”

त्या ‘खूप’मध्ये त्रेचाळीस पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रॅमांच्या आणि त्यांच्या भागांच्या बांधलेल्या पुड्यांची, नावं होती. संगणकाचं म्हणणं साधं होतं. तुम्हाला अपग्रेड हवं ना, मग ही त्रेचाळीस काढावी लागतील. नावं बहुतेक ‘लिब’ने सुरू होणारी, माणसाला काहीच न सांगणारी. पण मधेच कुठेतरी लिबरऑफिस होतं आणि त्याच्याही खाली अख्ख्या डेस्कटॉपचं नाव. मुलाने वाय दाबला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज टाइप करायला येणाऱ्यांना पडद्यावर लुकलुकणारी रेघ तेवढी दिसली असती.

चूक मुलाची नव्हती, माझी होती. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. वाचनालयाची सहा जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते. मी हौसेने पुढे झालो आणि सहाही यंत्रांवर विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स बसवलं. कौतुक झालं, नारळही मिळाला. मग कुणीतरी विचारलं, प्रिंट कशी काढायची?

प्रिंटर जुना. त्याच्या कंपनीने कधीकाळी लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण तो ३२ बिटांच्या जमान्यातला. तो चालवायचा तर ३२ बिटांच्या लायब्ऱ्याही आणाव्या लागतात. (वाचनालयाच्या गोष्टीत हा शब्द घोळ घालणार, म्हणून सांगून ठेवतो: इथे लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचा कोडचा गठ्ठा.) एकाच लायब्ररीच्या ३२ आणि ६४ बिटांच्या जुळ्या प्रती एका यंत्रावर नांदवायच्या तर दोघींची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी लागते. मी मात्र मधल्या काळात व्हिडिओच्या एका प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती हवी म्हणून बाहेरची एक रेपो, म्हणजे पॅकेजेस पुरवणारं कोठार, जोडली होती. तिने ६४ बिटवाल्या बहिणीला पुढच्या वर्गात नेलं, ३२ बिटवाली मागे राहिली. आता दोघींना एकत्र ठेवता येईना, आणि त्यांच्या भांडणात घरातली त्रेचाळीस माणसं बाहेर काढायची वेळ आली.

हे माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरचा नोव्हेंबर २०२१ मधला व्हिडिओ लिनक्सच्या जगात अजून विसरला गेलेला नाही. पॉप ओएस या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचावर, त्याला खेळांसाठी स्टीम बसवायचं होतं. प्रोग्रॅमांच्या खिडकीवाल्या दुकानाने नकार दिला, म्हणून तो टर्मिनलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या चौकटीत, गेला. तिथे इशारा आला की हे घातक ठरू शकतं. करायचंच असेल तर ‘यस, डू ॲज आय से!’ हे वाक्य जसंच्या तसं लिहा. त्याने लिहिलं. डेस्कटॉप गेला. मुळाशी तेच होतं: ३२ बिटांच्या पॅकेजाची आवृत्ती जुळली नव्हती. “इशारा वाचता येत नाही का?” म्हणून पुष्कळांनी त्याची टिंगल केली. पण पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या एपीटी या साधनाच्या कर्त्यांनी पुढच्या काळात ते वाक्यच काढून टाकलं. यंत्राच्या गाभ्यातलं पॅकेज काढायचं तर आता वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. टिंगल करणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळलं होतं, असं मला वाटतं.

अशा प्रसंगांतून निघणारा एक निष्कर्ष हल्ली फार लोकप्रिय आहे. लिनक्सचा खरा रोग म्हणजे डिपेंडन्सी, एका प्रोग्रॅमचं दुसऱ्यावर विसंबणं. तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं लटांबर स्वतःबरोबर आणावं, दुसऱ्याच्या लायब्ररीवर विसंबूच नये. स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज ही त्या विचाराची कमी-जास्त प्रमाणातली रूपं. माझं या निष्कर्षाशी भांडण आहे. डिपेंडन्सी गाठोड्यात बांधली म्हणून नाहीशी होत नाही, ती फक्त नजरेआड जाते. तिची काळजी कुणी घ्यायची, हे तेवढं बदलतं. आणि बऱ्याचदा ती काळजी घेणारं कुणी उरतच नाही.

सोसायटीची पाण्याची टाकी आठवा. तिच्यावरून दर सभेत भांडणं. साफ कधी केली, झाकण कोणी उघडं ठेवलं, तिसऱ्या मजल्याला दाब का येत नाही. वैतागून प्रत्येक घर वीस लिटरचा जार लावतं. भांडण मिटतं. जार आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या ताब्यात. फक्त तो कुठे भरला, कधी भरला, आतून शेवटचा कधी धुतला, हे कुणीच विचारत नाही. टाकी घाण झाली तर सगळ्या इमारतीला कळतं आणि एकदा धुतली की सगळ्यांची धुतली जाते. जारांचं तसं नाही.

जुन्या मंडळींना टाकीच्याही आधीचा काळ आठवत असेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आपल्याकडे अनेकांच्या घरी लिनक्स आलं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबरच्या सीडीतून, कारण टेलिफोनच्या तारेवरून काही उतरवायचं तर रात्र आणि बिल दोन्हींवर पाणी सोडावं लागे. एखादं आरपीएम जातीचं पॅकेज बसवायला घ्यावं तर ते कुठल्याशा फाइलीचं नाव घेऊन अडून बसे. ती फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते शोधायचं, ते पॅकेज मिळालं की ते आणखी दोघांची नावं सांगणार, त्यातल्या एकाला पहिल्याचीच जुनी आवृत्ती हवी असणार. मग यंत्र बंद करून जेवायला जायचं.

त्यातून वाट काढली ती रेपो आणि तिच्यावर चालणाऱ्या साधनांनी. डेबियन या डिस्ट्रोच्या मार्च १९९९ मध्ये आलेल्या २.१ या आवृत्तीबरोबर एपीटी लोकांच्या हाती आलं. प्रत्येक पॅकेजात फाइलींबरोबर एक चिठ्ठी असते: मला कोण लागतं, कितव्या आवृत्तीपासून पुढचं, कुणाशी माझं जमत नाही, मी कुणाची जागा घेतो. या साऱ्या चिठ्ठ्या वाचून सगळ्यांना मान्य होईल असा संच एपीटी शोधतं.

हे काम लग्नाची तारीख काढण्यासारखं आहे. वधूपक्षाला वैशाखातच हवी, वराच्या मामाला सुट्टी ज्येष्ठात, कार्यालय रिकामं मंगळवारी आणि मंगळवार आजीला चालत नाही. दहा जणांच्या अटी असतील तर कसंबसं जमतं. हजारोंच्या असतील तर? ईडॉस या युरोपीय प्रकल्पातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की हा प्रश्न एनपी-कंप्लीट जातीचा आहे. म्हणजे कोणत्याही परिस्थितीत झटपट उत्तर काढून देणारी हमखास युक्ती आजवर कुणालाही सापडलेली नाही. ओपनसूसे या डिस्ट्रोने २००८ मध्ये तर्कशास्त्रातली सॅट सॉल्व्हरची, म्हणजे सगळ्या अटी एकदम पाळणारं उत्तर शोधायची, पद्धत यासाठी जुंपली, फेडोरा या डिस्ट्रोचं डीएनएफ हे साधनही त्याच वाटेने गेलं, आणि एपीटीच्या २०२५ मधल्या ३.० आवृत्तीत नवा सॉल्व्हर आला.

आणि तरीही तुमचं-माझं रोजचं अपग्रेड चहा गाळून होईपर्यंत आटोपतं. यामागे सॉल्व्हरची हुशारी थोडी आहे. बरंचसं श्रेय अटी आधीच जुळवून ठेवणाऱ्या माणसांचं. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस होती. प्रत्येकामागे एक मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा माणूस, किंवा मेंटेनरांचा गट असतो. नवी आवृत्ती आधी ‘अनस्टेबल’मध्ये येते, काही दिवस तिथे राहते, तिच्यामुळे दुसरं काही बसेनासं होत नाही ना हे पाहिलं जातं, मगच ती ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. नव्या आवृत्तीच्या आधी काही महिने सगळं गोठवतात आणि फक्त दुरुस्त्या घेतात. यातले बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. दिवसा दुसरीकडे नोकरी, रात्री कुठल्याशा लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांमध्ये मध्यस्थी.

या कामाचं एक अलीकडचं उदाहरण देतो, कारण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुन्या ३२ बिटांच्या व्यवस्थेत वेळ मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून उलटा पडणार आहे. तो वेळीच रुंद करायचा तर त्याला हात लावणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या आणि त्यांच्यावर बसलेले सगळे प्रोग्रॅम एकाच दमात नव्याने बांधायला हवे होते. डेबियन आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटूच्या मंडळींनी २०२४ मध्ये हे केलं. शेकडो पॅकेजांच्या नावापुढे ‘टी६४’ असं शेपूट लागलं. उबुंटू २४.०४ वापरणाऱ्या एखाद्याने फार तर ते शेपूट पाहून भुवई उंचावली असेल. चौदा वर्षांनी येणाऱ्या संकटासाठी सगळी टाकी उपसून पुन्हा भरली आणि नळाला पाणी येतच राहिलं.

आता जारांकडे वळू. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या छोट्याशा लायब्ररीत एक भयंकर भोक सापडलं. मुद्दाम बिघडवलेलं चित्र नुसतं उघडलं तरी हल्लेखोर यंत्रात शिरू शकत होता, आणि तसे हल्ले सुरूही झाले होते. डिस्ट्रोच्या सामाईक लायब्ररीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी एक पॅकेज बदललं, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, काम झालं. पण इलेक्ट्रॉन या साच्यावर बांधलेले, पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझर असलेले प्रोग्रॅम, म्हणजे गप्पांचे, मीटिंगांचे, नोंदी ठेवण्याचे, आपापली लिबवेबपी आतच बाळगून होते. त्या प्रत्येकाच्या कर्त्याने नवी आवृत्ती काढायची आणि ती तुमच्यापर्यंत पोचायची. काहींनी दोन दिवसांत काढली. ज्या प्रोग्रॅमचा कर्ता वर्षभरापूर्वीच कंटाळून निघून गेला होता, त्याचं काय झालं असेल? तो प्रोग्रॅम आजही उघडतो, छान चालतो, आणि आतलं भोक तसंच आहे. डिपेंडन्सीची तक्रार तो कधीच करणार नाही, आणि हीच मला भीती वाटते. जी व्यवस्था अडली की ओरडते, तिचं निदान कळतं तरी.

सगळ्या जारांना एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. फ्लॅटपॅकची रचना बरीच विचाराची आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रॅम सगळंच स्वतः आणत नाही. सामाईक पाया म्हणून ‘रनटाइम’ असतो आणि त्यातल्या दुरुस्त्या त्यावर बसलेल्या सगळ्यांना मिळतात. फ्रीडेस्कटॉपचा नवा रनटाइम दर वर्षी ऑगस्टमध्ये येतो आणि साधारण दोन वर्षं सांभाळला जातो. म्हणजे फिरून टाकीच आली, फक्त मजल्यामजल्यावर छोट्या टाक्या. मुदत संपलेल्या रनटाइमवर बसलेला प्रोग्रॅम अपडेट करताना फ्लॅटपॅक तसं बजावतंही. हा इशारा कितीजण वाचतात, हा प्रश्न आला की पुन्हा आमच्या वाचनालयातल्या मुलाकडे यावं लागतं.

स्नॅपची गोष्ट वेगळी. ते दिवसातून चार वेळा आपणहून नव्या आवृत्त्या तपासतं, आणि बरीच वर्षं हे तपासणं पुढे ढकलता येई पण कायमचं थांबवता येत नसे. ती सोय २०२२ च्या अखेरीस आली. आपोआप अपडेट होण्याला माझा विरोध नाही. घरगुती वापरणाऱ्याला तेच बरं. माझा आक्षेप आहे तो दुकान एकाच कंपनीच्या हाती असण्याला आणि पहारा ढिला असण्याला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या दुकानात क्रिप्टो-पाकिटांच्या नावाखाली बनावट प्रोग्रॅम घुसले, लोकांचे पैसे गेले, तेव्हा कुठे नव्या नावांची माणसाकडून तपासणी सुरू झाली. मेंटेनर नावाचा मधला माणूस काढून टाकला की काय होतं ते यात दिसतं. दोष स्नॅपचाच आहे असंही नाही. आर्च लिनक्सच्या एयूआर या वापरणाऱ्यांच्याच कोठारात कुणीही पॅकेज बांधायची पाककृती टाकू शकतो, आणि जुलै २०२५ मध्ये तिथेही ब्राउझरच्या नावाला ‘फिक्स’, ‘पॅच’ अशी शेपटं जोडून विष पेरलं गेलं होतं.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगायला हवी, कारण मधला माणूस म्हणजे देवमाणूस नव्हे. २००६ मध्ये डेबियनच्या एका मेंटेनरने ओपनएसएसएल या सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीतल्या दोन ओळी, तपासणीचं साधन तक्रार करतं म्हणून, काढल्या. त्याबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठाच गेला. मे २००८ मध्ये हे उघडकीला येईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या इतक्या मोजक्या शक्यतांतून निघत होत्या की बसून सगळ्या मोजता आल्या असत्या. टाकीत एकाने चुकून काही टाकलं आणि ते इमारतभर गेलं. सामाईक असण्याची ही किंमत आहे, ती नाकारून चालणार नाही.

मूळ कर्त्यांचा संतापही खरा आहे. एक्सस्क्रीनसेव्हरच्या कर्त्याने २०१६ मध्ये डेबियनला सरळ सांगितलं की माझा प्रोग्रॅम काढून टाका; तुम्ही वर्षानुवर्षं जुनी आवृत्ती वाटता आणि कधीच दुरुस्त झालेल्या चुकांबद्दल लोक पत्रं मला पाठवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ टिपणाऱ्या प्रोग्रॅमचे कर्ते आणि फेडोरा यांच्यात असंच पेटलं. फेडोराने स्वतः बांधलेलं फ्लॅटपॅक बिघडलेलं होतं, लोकांना ते अधिकृत वाटत होतं, आणि प्रकरण कायदेशीर कारवाईच्या भाषेपर्यंत गेलं. पाहा, इथे जारच होता, तरी भांडण टाकीचंच.

आणि एक्सझेड, हे फाइली दाबून लहान करणारं साधन. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याची खोड लागली. शोधता शोधता त्याला एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पद्धतशीर लपवलेला चोरदरवाजा सापडला. दूरच्या यंत्रावर लॉग-इन करून देणाऱ्या एसएसएचला एक्सझेडची गरज नसते. पण काही डिस्ट्रोंनी सोयीसाठी एसएसएचला सिस्टिमडीची (यंत्र सुरू करून त्यावरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) लायब्ररी जोडली होती आणि तिच्या मागून एक्सझेड आत येत होतं. म्हणजे दार डिस्ट्रोच्या मंडळींनीच उघडलं होतं. पण चोर उंबऱ्यावरच अडला तोही त्यांच्याच संथपणामुळे. डेबियनच्या ‘स्टेबल’मध्ये ती आवृत्ती पोचलीच नव्हती. ती ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’मध्ये, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत अशा चाचणीच्या ओट्यावर होती. ‘दोन वर्षं जुनं सॉफ्टवेअर’ म्हणून स्टेबलला नावं ठेवणाऱ्यांनी त्या आठवड्यात जरा शांत झोप घेतली असेल. मीही नावं ठेवणाऱ्यांतलाच होतो, बाहेरची रेपो काही उगाच जोडली नव्हती.

तेव्हा माझी बाजू अशी. यंत्राचा पाया, म्हणजे कर्नल हा लिनक्सचा गाभा, डेस्कटॉप, छपाई, जाळं, कार्यालयीन प्रोग्रॅम, हे सगळं डिस्ट्रोच्याच रेपोतून यावं, आणि दुसऱ्यांनी वापरायच्या यंत्रावर तरी दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतून. ताजं लागणारे चार-दोन प्रोग्रॅम फ्लॅटपॅकने घ्यावेत. त्यांची भांडणं निदान पायापर्यंत जात नाहीत. बाहेरची रेपो शेवटचा उपाय. आणि एक गोष्ट कधीच करू नये, जी गूगलवर शोधलं की पहिल्या उत्तरात सांगितली जाते: जुनी लायब्ररी कुठूनतरी उतरवून बळेच बसवणं. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि १.१ गेलं. ज्यांचे प्रोग्रॅम अडले त्यांनी २०.०४ मधली ‘लिबएसएसएल१.१’ आणून ठोकली, प्रोग्रॅम चालू झाले, सगळे खूश. मूळ कर्त्यांनी १.१.१ चा आधार सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. ती ठोकलेली प्रत कितीतरी यंत्रांवर तशीच बसली आहे. नव्या रेपोत तिचं नावच नाही, त्यामुळे अपग्रेड तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

डिस्ट्रोवाल्यांकडूनही एक मागणं आहे. ‘त्रेचाळीस पॅकेजेस काढली जातील’ हे खरं असलं तरी ते मेंटेनरने मेंटेनरला सांगितलेलं खरं आहे. वापरणाऱ्याला सांगायचं ते असं: याने तुमचा डेस्कटॉप आणि लिबरऑफिस जाईल, कारण अमुक बाहेरच्या रेपोमुळे तमुक लायब्ररी पुढे गेली आहे, ती मागे आणू का? हे सगळं एपीटीला ठाऊक असतं. डेबियनच्या इन्स्टॉलरला मराठी येतं, एपीटीच्या संदेशांचाही मराठी अनुवाद आहे, त्यासाठी झटणाऱ्यांना नमस्कार. पण न कळणारी गोष्ट मराठीत सांगितली म्हणून कळत नाही. फेडोरा सिल्व्हरब्लूसारख्या डिस्ट्रोंनी वेगळी वाट धरली आहे: पाया एकसंध ठेवायचा, अपग्रेड बाजूला तयार करायचं, बिघडलं तर यंत्र पुन्हा सुरू करताना कालची स्थिती निवडायची. ओपनसूसेचा स्नॅपरही मागे जाऊ देतो. शाळा-वाचनालयांसाठी मला ही दिशा पटते. कालच्यावर परत जाता येतं म्हटलं की वाय दाबणाऱ्या मुलाचा हात थरथरत नाही.

पण हे सगळं साधनांविषयी झालं. सार्वजनिक पैशातून किंवा लोकांच्या भरवशावर जिथे लिनक्स बसतं तिथला प्रश्न साधनाचा नाहीच, माणसाचा आहे. केरळचं उदाहरण घ्या. तिथल्या शाळांत लिनक्स टिकलं त्याचं कारण ते फुकट होतं एवढंच नाही. काइट ही सरकारी संस्था उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर शाळांसाठी स्वतःचा संच बांधते, तो बदलायची वेळ आली की नवा काढते, आणि शिक्षकांना शिकवते. २०१९ मध्ये १८.०४ वरचा संच दोन लाखांहून जास्त यंत्रांवर जायचा होता. फ्रान्सच्या जेंडारमरी या पोलीस दलाने आपलं उबुंटूवरचं जेंडबुंटू असंच वर्षानुवर्षं एका आवृत्तीवरून दुसरीवर नेत लाखभर यंत्रांपर्यंत पोचवलं. म्युनिक शहराने २००३ मध्ये ठरवून २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास यंत्रं लिनक्सवर आणली आणि २०१७ मध्ये परतीचा निर्णय घेतला. त्यात राजकारण किती आणि तंत्र किती, यावर अजून वाद होतात. पण पंधरा हजार यंत्रं वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणारी फळी ही रोजची गरज होती, यावर तरी होऊ नये.

आपल्याकडे ‘लिनक्स लावा, लायसन्सचे पैसे वाचवा’ हे वाक्य बैठकीत चटकन पटतं. वाचलेल्या पैशातला एक रुपयाही देखभालीच्या रकान्यात जात नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात, आणि ते चांगले आहेत. बसवणं शिकता येतं. चौथ्या वर्षी त्या आवृत्तीची मुदत संपत आली की काय, हे बघायला मात्र पाठ नाही, माणूस लागतो. मजा म्हणजे आपण ज्यांना स्वदेशी म्हणून मिरवतो ते सी-डॅकचं बॉस डेबियनवर उभं आहे आणि संरक्षण खात्याचं माया उबुंटूवर, म्हणजे पुन्हा डेबियनवरच. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, जगात सगळे असेच उभे आहेत. पण मग त्या रात्री जागणाऱ्या मेंटेनरांच्या फळीत आपले पगारी लोक किती, हा प्रश्न स्वदेशीच्या भाषणात यायला हवा. ज्या संस्थेने दहा यंत्रांवर लिनक्स लावायचं ठरवलं, तिने महिन्याचा अर्धा दिवस कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवावा आणि त्याचा मोबदला द्यावा. लायसन्सच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. तेवढंही जमत नसेल तर लावू नये, असं मी आता म्हणतो. ऑक्टोबरात नारळ घेताना म्हणालो नव्हतो.

त्या दिवशी आम्ही एन दाबला. बाहेरची रेपो काढली, पुढे गेलेली लायब्ररी मागच्या आवृत्तीवर आणली, आणि त्रेचाळीसची यादी नाहीशी झाली. प्रिंटरसाठी सहातलं सगळ्यात जुनं यंत्र बाजूला काढलं, त्याची इंटरनेटची तार उपटली. आता फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन तिथे जायचं. ग्रंथपाल ताईंना हे मागासलेलं वाटतं. त्यांचं चूक नाही.

आणि एक वही केली. डिस्ट्रोच्या रेपोबाहेरून जे जे आणलं त्याची नोंद. चार रकाने: नाव, कुठून आणलं, कशासाठी, कोण सांभाळतं. सात नोंदी झाल्या. सहा फ्लॅटपॅकच्या, त्यांच्यापुढे चौथ्या रकान्यात काहीतरी लिहिता आलं. सातवी प्रिंटरच्या ड्रायव्हरची. तिथला चौथा रकाना मी रिकामा ठेवला होता. परवा वही उघडली तर मुलाने तिथे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ‘मी. बारावीच्या परीक्षेपर्यंत.’